नाव न घेता लिहिलेलं पत्र

मुलुंड पूर्वेच्या माणिकताई घाडी दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचतात. एकदा घेताना आणि एकदा पिशवी फाडताना. मधल्या वेळात ती कोणी बदलली असेल असं त्यांना वाटतं असं नाही. पण वाटत नाही असंही नाही. सोसायटीची नोटीस, औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडी, लग्नपत्रिकेच्या तळाशी छापखान्याचं नाव, सगळं वाचतात. लोक हसतात. हसू देत! त्यांचे वडील लालबागला गिरणीत होते, आणि गिरणी बंद पडताना त्यांच्यापुढे एक इंग्रजी कागद आला. सगळे सही करत होते म्हणून त्यांनीही केली. कागदात काय होतं ते त्यांना मरेपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गेटवर आत सोडेनात, एवढं मात्र कळलं. माणिक तेव्हा चौदा वर्षांची होती.

पुढे त्या टेलिफोन खात्यात लागल्या, सव्वीस वर्षं नोकरी केली, आणि लवकर निवृत्ती घेऊन घरी बसल्या. लग्न का नाही केलंत, असं कोणी विचारलंच तर म्हणतात, ‘स्थळांची माहिती पडताळता पडताळता वय निघून गेलं.’ हे थट्टेनं म्हणतात की खरं, ते विचारायची आजवर कोणाची छाती झालेली नाही.

आता अशा बाईला कॉम्प्युटरचं वेड लागावं, यात नवल ते काय? पण बाजारातला तयार माल त्यांना नको होता. आत काय भरलंय ते दाखवत नाहीत, आणि ‘मान्य आहे’वर बोट ठेवायला लावतात, म्हणजे पुन्हा तीच गिरणी. त्यांना सापडली ती मुक्त प्रणाली. ओळ न् ओळ उघडी. कोणीही वाचा, दुरुस्त करा, वाटा, फुकट. माणिकताईंना माहेर सापडल्यासारखं झालं. उपनगरातली वीस-बावीस माणसं जमवून त्यांनी या प्रणालीची मराठी आवृत्ती बांधायला घेतली. नाव ठेवलं ‘अंगण’. आज चार वाचनालयं, दोन शाळा आणि घाटकोपरचा अंधांचा श्रवणकक्ष ‘अंगण’वर चालतात. दर नव्या आवृत्तीवर शेवटची सही माणिकताईंची. ती झाल्याशिवाय पानही हलत नाही.

आणि या भरल्या घरात भांडण लागलं. कशावरून? तर कॉम्प्युटरनं सकाळी उठायचं कसं, यावरून!

हसू नका. बटण दाबलं की यंत्रात सगळ्यात आधी एक प्रोग्राम जागा होतो आणि तो बाकीच्यांना उठवतो: पडदा, छपाई, इंटरनेट, आवाज. जुनी पद्धत अशी की प्रत्येकाची एक छोटी फाइल, तिला क्रमांक, एकानं उठून चूळ भरली की दुसऱ्यानं उठायचं. ‘अंगण’मधल्या या सगळ्या फाइली माणिकताईंनी लिहिलेल्या, वर मराठीत टिपा घातलेल्या. नव्या पद्धतीत एकच भलामोठा प्रोग्राम सगळ्यांना एकदम उठवतो, कोण पडलं कोण उभं राहिलं यावर लक्ष ठेवतो, आणि नोंदीही स्वतःच ठेवतो. जगभरातली मुक्त प्रणालीवाली मंडळी यावरून गेली दहा-बारा वर्षं एकमेकांची डोकी फोडतायत. मोठमोठे गट फुटले, जुने मित्र तुटले. ज्यांनी कोकणात देवळातल्या पहिल्या नारळावरून दोन पिढ्या न बोललेली भावकी पाहिली आहे, त्यांना यात काही समजावून सांगायला नको. पहिला मान कोणाचा, एवढाच प्रश्न असतो, आणि त्यासाठी माणसं जन्माचं वैर घेतात.

‘अंगण’मध्ये नव्या पद्धतीची बाजू घेतली सुयोग दळवीनं. बोरिवलीचा, पस्तिशीचा, एका कंपनीत नोकरी. सात वर्षांपूर्वी माणिकताईंनीच त्याला हाताला धरून आणलं होतं. गुणी पोर. दर शनिवारी श्रवणकक्षात जाऊन दृष्टी नसलेल्या मुलामुलींना कॉम्प्युटर शिकवायचा, एक पैसा न घेता. त्यानं बैठकीत शांतपणे सांगितलं, ‘ताई, सगळं जग तिकडे गेलंय. आपण जुनं धरून बसलो तर उद्या बाकीचे प्रोग्राम आपल्याकडे चालणारच नाहीत. आणि नवी व्यवस्थाही उघडीच आहे की. वाचा हवी तर.’

‘उघडी आहे रे, पण लाखो ओळी! तू वाचल्यास?’

‘सगळ्या नाही वाचल्या.’

‘मग कोणी वाचल्या? एकाच्या हातात घराच्या सगळ्या किल्ल्या द्यायच्या आणि म्हणायचं, माणूस चांगला आहे, लोक म्हणतात!’

‘ताई, तुम्ही उगाच संशय घेताय.’

झालं. ‘उगाच’ हा शब्द माणिकताईंना मिरचीसारखा झोंबला. त्या दिवसापासून सुयोगच्या प्रत्येक गोष्टीत त्यांना पाणी मुरताना दिसायला लागलं. हा एवढ्या तळमळीनं का बोलतो? ह्याची कंपनी कोणाची? मध्येच बढती कशी मिळाली? बैठकीला पेढे का आणले होते? तो गोड बोलला तर गोडबोल्या, गप्प बसला तर आतल्या गाठीचा. बिचाऱ्यानं करायचं तरी काय! एका रविवारी मतदान ठरलं, आणि त्याच्या आधीच्या सोमवारी सकाळी घाटकोपरहून प्रेमाचा फोन आला.

प्रेमा शेट्ये श्रवणकक्ष चालवते. जन्मापासून दिसत नाही, पण पायरीवरच्या चपलांच्या आवाजावरून कोण आलं ते सांगते. माणिकताईंची पंधरा वर्षांची मैत्रीण.

‘माणिक, मशीन बोलत नाहीत गं,’ ती म्हणाली. ‘अकराच्या अकरा मुकी. बटण दाबलं, पंख्यांची घरघर येते, पण आवाज नाही. पोरं नुसती बसलीत माझ्यासमोर.’

तुमच्याआमच्या यंत्राचा आवाज गेला तर गाणी गेली. प्रेमाच्या मुलांचा आवाज गेला म्हणजे पडदाच गेला, वही गेली, सगळंच गेलं.

‘शेवटचं कोणी हात लावला होता?’ माणिकताईंनी विचारलं.

‘शनिवारी सुयोग होता. हेडफोन जोडायच्या, आवाजाच्या नव्या डब्या बसवल्या त्यानं, जुन्या खिळखिळ्या झाल्या होत्या. बसवल्यावर शनिवारी तर छान बोलत होती.’

शनिवार. सुयोग. माणिकताईंच्या डोक्यात ठिणगी पडली. श्रवणकक्षातली यंत्रं रोज सकाळी आपापली नोंद त्यांना पाठवत. त्यांनी ती उघडली. त्यांच्या फाइलीनं लिहिलं होतं: ‘आवाज सुरू. सगळं ठीक.’ म्हणजे आपल्या बाजूनं चोख. आणि त्याच नोंदीत दिसत होतं की शनिवारी संध्याकाळी कोणीतरी आत एक फाइल बदलली आहे. बस्स! एक आणि एक दोन. मतदानाआधीच ह्यानं गुपचूप नवी व्यवस्था घातली, ती चालली नाही, आणि पोरं मुकी बसली. शनिवारी संध्याकाळीच सुयोगचं एक पत्रही आलेलं होतं. ते त्यांनी उघडलंच नाही. साखर लावलेली असणार, काय वाचायचंय त्यात!

आणि तिथल्या तिथे त्यांनी ‘अंगण’ मंडळाच्या सगळ्यांना पत्र लिहिलं.

इथे एक नियम सांगायला हवा. दहा वर्षांपूर्वी दोन सभासदांची चांगलीच जुंपली होती. तेव्हा माणिकताईंनीच नियम घातला, की ज्या पत्रात कोणा सभासदाचं नाव घेऊन काही लिहिलं असेल, ते दोघा तिऱ्हाइतांनी वाचून पास केल्याशिवाय पुढे जाणार नाही. नाव नसेल तर पत्र थेट जातं. नियम शहाणा होता. पण नियम करणाऱ्याला त्याच्या फटी सगळ्यांत आधी ठाऊक असतात. माणिकताईंनी सुयोगचं नाव घेतलं नाही. लिहिलं ते असं: ‘घाटकोपरची मुलं आज मुकी बसली आहेत. शनिवारी तिथे कोणाचा हात लागला, ते त्या हाताला ठाऊक आहे. कुंपणच शेत खाऊ लागलं तर मतदान कशाला हवं? चोराला मी चोरच म्हणणार.’

शनिवारी तिथे कोण जातं, हे बाविसाच्या बावीसजणांना माहीत होतं. दुपारपर्यंत पत्रांचा पाऊस पडला. ‘विश्वासघात’, ‘कंपनीचा माणूस’, ‘मला आधीपासूनच वाटत होतं’. हे आधीपासून वाटणारे लोक एरवी कुठे असतात देव जाणे. सुयोगचं एकच उत्तर आलं: ‘मी नवी व्यवस्था घातलेली नाही. कृपया जाऊन पाहा.’ कोण जाणार? चोर कधी कबूल करतो का? संध्याकाळी मंडळाच्या पत्रव्यवहाराचे व्यवस्थापक देवव्रत पाध्ये यांनी सुयोगचं नाव कामकऱ्यांच्या यादीतून काढलं आणि श्रवणकक्षाच्या यंत्रांवरचा त्याचा पासवर्ड बंद केला. सात वर्षांचं काम एका पत्रात धुतलं गेलं.

बुधवारी माणिकताई घाटकोपरला गेल्या. कशाला? पुरावा गोळा करायला. रविवारी सगळ्यांसमोर मांडायचा होता ना. प्रेमानं दार उघडलं, ‘ये,’ एवढंच म्हणाली आणि खुर्ची सरकवून दिली. चहाचं विचारलं नाही.

माणिकताई पहिल्या यंत्रावर बसल्या आणि सवयीनं पहिल्या ओळीपासून वाचत निघाल्या. नवी व्यवस्था कुठेच नव्हती. दुसरं यंत्र पाहिलं, तिसरं पाहिलं. नव्हतीच. शनिवारी बदललेली फाइल सापडली. त्यात एकच ओळ नवी, नव्या डबीचं नाव नोंदवलेली. खाली सुयोगची टीप: ‘ही डबी थंड मशीनवर उशिरा जागी होते. आवाजाच्या फाइलीतली थांबायची वेळ वाढवावी लागेल. ती फाइल ताईंची आहे, त्यांना विचारल्याशिवाय हात लावलेला नाही. पत्र पाठवलंय.’

माणिकताईंनी स्वतःची फाइल उघडली. आवाजाची. नऊ वर्षांपूर्वी लिहिलेली. त्यात त्यांनी लिहून ठेवलं होतं, की आवाजाच्या डबीसाठी पाच सेकंद थांब, नाही आली तर सोडून पुढे जा, आणि नोंद कर: ‘आवाज सुरू. सगळं ठीक.’ डबी सापडो न सापडो, नोंद तीच. तेव्हा घाईत होत्या, मागाहून नीट करू म्हणाल्या होत्या. नंतर अठरा आवृत्त्या निघाल्या, अठरा वेळा त्यांनी सही केली, आणि ही फाइल एकदाही उघडली नाही. आपलीच तर आहे, तिच्यात काय वाचायचं? शनिवारी यंत्रं आधीच चालू होती म्हणून नव्या डब्या बोलल्या. सोमवारी थंड यंत्रं उठली, पाच सेकंदांत डबी जागी झाली नाही, आणि माणिकताईंची फाइल खोटं बोलून पुढे निघून गेली.

‘आवाज सुरू. सगळं ठीक,’ त्यांनी स्वतःची ओळ मोठ्यानं वाचली.

‘काय झालं?’ प्रेमानं विचारलं.

‘माझी चूक आहे गं. माझीच.’

‘मला वाटलंच,’ प्रेमा म्हणाली.

‘वाटलं तर बोलली का नाहीस, बाई?’

‘सोमवारीच म्हटलं होतं ना, शनिवारी छान बोलत होती म्हणून? तू ऐकलंस कुठे. तुला फक्त सुयोग ऐकू आला.’ प्रेमाचा आवाज चढला. ‘काल मुलं विचारत होती, सर येणार नाहीत का. मी काय सांगू त्यांना? तुमच्या ताईंना संशय आला म्हणून?’

माणिकताईंनी पाचाचे तीस केले. खोटी नोंद खोडली. यंत्र बंद करून पुन्हा लावलं. त्यांनी पंचवीसपर्यंत मोजलं, आणि मग यंत्र म्हणालं, ‘अंगणमध्ये स्वागत.’ त्यांना रडू आलं, आणि त्या मोकळेपणानं रडल्या. प्रेमानं रडू दिलं. मग म्हणाली, ‘रडून झालं असेल तर त्या पोराचं काय ते बघ.’

घरी येऊन माणिकताईंनी पहिल्यांदा सुयोगचं शनिवारचं पत्र उघडलं. चार ओळी होत्या. साखर वगैरे काही नव्हती. नमस्कार, अडचण, उपाय, आपला सुयोग. त्यांनी लगेच मंडळाला पत्र लिहिलं, सरळ, नाव घेऊन: ‘सुयोग दळवी निर्दोष आहे. चूक माझ्या फाइलीत होती, नऊ वर्षं होती. मी त्याला चोर म्हटलं, त्याची मी माफी मागते.’ पाठवलं. पत्र गेलं नाही. पडद्यावर उत्तर आलं: ‘पत्रात सभासदाचं नाव आहे. तपासणीसाठी थांबवलं आहे.’

आरोप थेट गेला होता. माफी अडकली होती, त्यांच्याच नियमात.

गुरुवारी पाध्यांचा फोन आला. ‘माणिकताई, पत्र वाचलं. दोघांनीही वाचलं. आम्हाला वाटतं, थांबावं.’

‘कशासाठी?’

‘रविवारी मतदान आहे. जुन्या पद्धतीच्या बाजूनं लोक आत्ताच कुठे एक झालेत. अशा वेळी हे पत्र... बरं, एक विचारू? रागावू नका. सुयोग तुम्हाला भेटला होता का?’

‘नाही हो.’

‘त्याच्या कंपनीतून कोणी? म्हणजे दबाव वगैरे?’

‘पाध्ये, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? मी स्वतः बघून आले. मशीनमध्ये नोंद आहे.’

‘नोंद मागाहून बदलता येते, ताई. तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?’ ते अगदी नम्रपणे म्हणाले. ‘बुधवारी तुम्ही फाइल बदललीत, हेही आम्ही पाहिलं. लोक विचारतील, का बदलली? कोणाला वाचवायला?’

माणिकताईंनी फोन ठेवला. बावीस माणसांना त्यांनी पंधरा वर्षं संशय घ्यायला शिकवलं होतं. पोरं पहिल्या वर्गात पास झाली होती.

सुयोगला त्यांनी नऊ फोन केले. एकही उचलला गेला नाही. शुक्रवारी दुपारी चार वाजता त्या उठल्या, घडीची साडी नेसल्या आणि बस बदलत बदलत बोरिवलीला गेल्या. चार मजले. लिफ्ट दुरुस्तीला. धापा टाकत वर पोचल्या तेव्हा साडेसहा वाजले होते, कोणाच्या तरी घरी कढीला फोडणी पडली होती. त्यांनी दळव्यांची बेल वाजवली. जाळीच्या दारामागे एक बाई आली. सुयोगची बायको, अक्षता.

‘कोण हवंय?’

‘मी माणिक घाडी. सुयोग आहे का?’

नाव ऐकताच अक्षताचा चेहरा बदलला. ‘घरी नाही,’ ती म्हणाली. आतून खोकल्याचा आवाज आला. सात वर्षं ऐकलेला खोकला माणिकताईंना ओळखू येणार नाही होय? पण बोलायचं कोणत्या तोंडानं? अक्षतानं आतलं लाकडी दार लावून घेतलं.

बंद दारासमोर माणिकताई क्षणभर उभ्या राहिल्या. परत फिरावं तर पत्र अडकलेलंच. रविवारी मतदान होईल, जुनी पद्धत जिंकेल, आणि ह्या पोराच्या कपाळावरचा शिक्का कायमचा राहील. नाव न घेता बोलून घाण केली होती. आता नाव घेऊनच धुवायला हवी होती. तो आतून ऐकतोय ना? ऐकू दे. त्यांनी पदर खोचला आणि टेलिफोन खात्यातला खणखणीत आवाज लावला.

‘सुयोग! ऐक रे झिला! सुयोग दळवी चोर नाही! ऐकतोस ना? तू चोरी केली नाहीस, हे मला कळलंय! मी तुला चोर म्हटलं, ती माझी चूक! सुयोग दळवी चोर नाही!’

जिन्यात आवाज घुमला. समोरच्या दाराची साखळी खळकन निघाली आणि एक आजोबा बनियनवर बाहेर आले. खालच्या मजल्यावरून कोणीतरी वर मान करून पाहिलं. बाजूच्या दारातल्या बाईनं हातातली पळी घेऊनच डोकं बाहेर काढलं, माणिकताईंकडे पाहिलं, दळव्यांच्या बंद दाराकडे पाहिलं.

‘कसली चोरी हो?’ ती हळूच म्हणाली. ‘सुयोगनं?’

‘नाही, नाही! तेच सांगतेय मी, त्यानं केली नाही...’

‘मग पोलीस येणारेत का?’ आजोबांनी विचारलं. ‘काय गेलं नेमकं?’

‘काही गेलेलं नाही!’

‘काही गेलं नाही, मग तुम्ही चार मजले चढून ओरडायला आलात?’ पळीवाली बाई म्हणाली, आणि आजोबांकडे पाहून तिनं भुवई उडवली. ‘तरी मी म्हणत होते, हा चार दिवस कामाला न जाता घरी का बसलाय.’

माणिकताईंनी जे बोलावं त्यातून आणखी एक दार उघडत होतं.

तेवढ्यात दळव्यांचं लाकडी दार उघडलं. सुयोग होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्यानं जाळीची कडी काढली, माणिकताईंच्या दंडाला धरलं आणि त्यांना आत घेतलं.

‘ताई, पाया पडतो तुमच्या,’ तो म्हणाला, ‘आता आणखी काही बोलू नका.’